डब्ल्यूडीएम-२: अल्कोची निवड बरोबर होती की चूक?

मिरजकर
कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, पुणे-मिरज मार्गावरही तारा आल्या. आता डिझेलचा विषय निघाला की भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाला 'धूर ओकणारं जुनं इंजिन' म्हणून निकालात काढतात. मला हे मुळीच पटत नाही.

१९६२ मध्ये अमेरिकेतून दोन प्रकारची इंजिनं आली, दोन्ही २६०० अश्वशक्तीची. अल्को कंपनीचं डब्ल्यूडीएम-२ आणि जनरल मोटर्सचं डब्ल्यूडीएम-४. दुसरं उत्तमच होतं. १९६९ ची पहिली हावडा-दिल्ली राजधानी त्यानेच ओढली. पण जनरल मोटर्स तंत्रज्ञान द्यायला तयार झाली नाही, अल्को झाली. जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून पहिलं डब्ल्यूडीएम-२ बाहेर पडलं. सुरुवातीला भाग आयात करून जोडणी व्हायची, मग ते इथेच बनू लागले. अल्कोने १९६९ मध्ये इंजिनं बांधणं बंद केलं, वाराणसीत मात्र हे मॉडेल १९९८ पर्यंत बनत राहिलं. अडीच हजारांहून जास्त! मूळ कंपनी संपल्यावरही आपलं काम अडलं नाही, यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

रूळवेडा
मिरजकर, तंत्रज्ञान मिळालं हे खरं. पण पुढे काय केलं? जनरल मोटर्स याच काळात आत बसणाऱ्या डिझेल यंत्राच्या ५६७ मॉडेलवरून ६४५ आणि मग ७१० वर गेली. आपण १९६२ ची रचना १९९८ पर्यंत बांधत बसलो. शेवटी जनरल मोटर्सच्याच दारात जावं लागलं: १९९९ मध्ये ४००० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीजी-४ आलं, चाकं फिरवणाऱ्या एसी विजेच्या मोटर्ससह. मधल्या काळात जास्तीचं डिझेल किती जळालं असेल? तेल आयात करणाऱ्या देशाला हे परवडणारं नव्हतं. आणि लांब हूड (केबिनसमोरचा यंत्र झाकणारा लांब भाग) पुढे करून गाडी चालवताना ड्रायव्हरला सिग्नल दिसायला त्रास व्हायचा, त्याचं काय?

मिरजकर
'बांधत बसलो' हे अन्यायाचं आहे. अल्कोच्या त्याच १६ सिलिंडरच्या, २५१ मॉडेलच्या डिझेल यंत्रातून आपल्या लोकांनी ३१०० अश्वशक्ती काढली, जनरेटरच्या जागी अल्टरनेटर आला, ते डब्ल्यूडीएम-३ए झालं. पतियाळाच्या कारखान्यात जुन्या डब्ल्यूडीएम-२ ची पुनर्बांधणी करून अशी इंजिनं तयार झाली. श्रीलंकेने १९९६ मध्ये एम-८ वर्गाची इंजिनं घेतली, तीही वाराणसीची, याच घराण्यातली.

शेडवाला
डिझेल शेडमध्ये नोकरी केली म्हणून लिहितो. धुराचं कारण आधी समजून घ्या. ड्रायव्हरने नॉच (जोर वाढवण्याचा टप्पा) वाढवला की इंधन लगेच जास्त जातं, पण टर्बो (यंत्रात जास्त हवा ढकलणारा भाग) एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. तेवढा वेळ हवा कमी पडते आणि काळा लोट निघतो. जनरल मोटर्सच्या ७१० मध्ये कमी वेगाला टर्बो गिअरने फिरवतात, म्हणून तिथे हा प्रकार कमी.

दुरुस्तीला मात्र हे इंजिन सोपं. सिलिंडर हेड काढा, बदला, गाडी परत लाइनवर. कल्याणचा फिटर आंध्रातल्या गुत्ती शेडच्या इंजिनाला बिनधास्त हात लावायचा, कारण सगळीकडे तेच यंत्र, तेच सुटे भाग. सत्तरच्या दशकात वाफेची इंजिनं भराभर काढायची होती, तेव्हा याचं मोल फार होतं.

रूळवेडा
शेडवाले काका, टर्बोचं छान सांगितलंत, आणि सुट्या भागांचा मुद्दा मान्य. १९६२ चा निर्णयही मान्य करतो, तेव्हा दुसरा पर्याय नव्हता. माझा आक्षेप १९८० नंतरच्या वर्षांवर आहे. तेव्हा कारखाना उभा होता, माणसं तयार होती. नवीन तंत्रज्ञानाचा करार दहा वर्षं आधी व्हायला हवा होता. ३१०० अश्वशक्ती काढली याचा मलाही अभिमान आहे, पण त्यातही पाया तोच जुना राहिला.

मिरजकर
१९८० नंतर उशीर झाला, यावर भांडणार नाही. पण १९९९ ला आलेलं डब्ल्यूडीजी-४ वाराणसीत काही वर्षांतच बनू लागलं, ते कोणाच्या हातांनी? अल्कोवर शिकलेल्यांच्याच.