भूशास्त्रातून वित्तक्षेत्राकडे जाण्यासाठी कोणती वाट धरावी?

गेरूमाती :
नमस्कार. पुण्यातून भूशास्त्रात एम.एस्सी. केल्यानंतर गेली साडेचार वर्षे मी ओडिशात, बडबिलजवळच्या एका लोहखनिजाच्या खाणीवर भूवैज्ञानिक म्हणून काम करतो आहे. सुरुंगाच्या भोकांतून निघालेल्या भुकटीचे नमुने घेणे, प्रयोगशाळेचे आकडे आले की कोणता माल क्रशरकडे आणि कोणता कमी प्रतीच्या ढिगाकडे जाईल हे ठरवणे, आणि महिनाअखेरीस ब्लॉक मॉडेलमधले (खनिजसाठ्याच्या संगणकीय आराखड्यातले) टनेज व प्रत प्रत्यक्ष रवाना झालेल्या मालाशी ताडून पाहणे, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. होणाऱ्या पत्नीची नोकरी ठाण्यात असल्यामुळे, आणि मलाही खाणीच्या वसाहतीत आयुष्य काढायचे नसल्यामुळे, मुंबईत वित्तक्षेत्रात येण्याचा विचार आहे. नोकरी सोडून दोन वर्षांचे एम.बी.ए. करणे परवडणारे नाही. सीएफएची (गुंतवणूक विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय पात्रतेची) पहिली परीक्षा आधी द्यावी, की कोणत्या प्रकारच्या कामाकडे वळायचे हे आधी ठरवावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कर्जखाते :
मी भूवैज्ञानिक नाही. मुंबईत एका बँकेच्या प्रकल्प-कर्ज विभागात बारा वर्षे आहे. जलविद्युत, बोगदे, खाणी यांचे प्रस्ताव येतात तेव्हा बँकांनी नेमलेल्या स्वतंत्र अभियंत्याचा अहवाल सोबत असतो, परंतु त्यातले भूगर्भाचे प्रकरण वाचून प्रश्न विचारू शकेल असा माणूस टेबलाच्या आमच्या बाजूला बहुधा नसतो. हिमालयातल्या एका बोगद्यासाठी घेतलेली मोजकी बोअरहोल सगळी दोन्ही तोंडांपाशीच होती, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. पुढे मधल्या भागात भुसभुशीत, पाण्याने भरलेला पट्टा लागला, काम रखडले, आणि अहवालात ज्याला ‘भूगर्भीय आश्चर्य’ म्हटले गेले त्यापायी कर्जफेडीचे वेळापत्रक दोनदा बदलावे लागले. आपल्याला त्याचे आश्चर्य वाटले नसते. बँकेत आपल्यासारख्यांची थेट भरती क्वचितच होते. स्वतंत्र अभियंत्याचे काम करणाऱ्या सल्लागार संस्था किंवा पतमानांकन संस्थांचे धातू-खाण विभाग येथून शिरकाव सोपा जातो.

पर्थकर :
मी भूशास्त्राचाच विद्यार्थी असून नऊ वर्षांपासून पर्थमध्ये आहे आणि सध्या खाण कंपन्यांत गुंतवणूक करणाऱ्या एका फंडात काम करतो. पहिला सल्ला अगदी व्यावहारिक आहे : साडेचार वर्षांवर खाण सोडू नका. ऑस्ट्रेलियाच्या जॉर्क संहितेनुसार खनिजसाठ्याच्या अहवालाची जबाबदारी घेणाऱ्या ‘सक्षम व्यक्ती’ला त्या प्रकारच्या खनिजाचा आणि त्या प्रकारच्या कामाचा किमान 5 वर्षांचा अनुभव, तसेच मान्यताप्राप्त व्यावसायिक संस्थेचे सभासदत्व लागते. उद्या तुम्ही अशा अहवालांवर स्वतः सही करणार नसलात, तरी ज्याला सही करता आली असती त्याच्या शब्दाला वित्तक्षेत्रात वेगळे वजन असते. सहा महिन्यांसाठी ते घालवू नये.

हे वजन कशामुळे आले, तेही सांगतो. इंडोनेशियातल्या बुसांग येथे प्रचंड सोने सापडल्याचा दावा ब्रे-एक्स या कॅनेडियन कंपनीने केला आणि तिचे बाजारमूल्य सुमारे 6 अब्ज कॅनेडियन डॉलरपर्यंत चढले. 1997 मध्ये उघड झाले की नमुन्यांच्या भुकटीत बाहेरून सोने मिसळले जात होते. त्या सोन्याचे कण नदीच्या वाळूत घासून निघाल्यासारखे गोलसर होते, म्हणजे ज्या खडकात ते असल्याचे सांगितले जात होते त्यात ते तसे असायला नको होते. भिंगाखाली दिसणारी ही गोष्ट ताळेबंदात कोठेही दिसत नाही. त्यानंतर 2001 मध्ये कॅनडात एनआय 43-101 हा नियम आला आणि ‘पात्र व्यक्ती’ची सही अनिवार्य झाली.

आता दुसरी बाजू. आपण भूवैज्ञानिक प्रतीच्या दशांशासाठी भांडतो, आणि पैशाच्या गणितात त्याहून मोठा घटक असतो तो वेळेचा. 12 टक्के दराने एका वर्षानंतर मिळणाऱ्या 100 रुपयांचे आजचे मूल्य 89 रुपये होते. वनपरवानगी अडकून तेच 100 रुपये चार वर्षांनी आले तर ते साडेत्रेसष्ट रुपयांवर येते. लोहखनिजाच्या मॉडेलमध्ये अर्ध्या टक्क्याची चूक झाली तरी सहसा इतका फटका बसत नाही. ही सवय अंगी बाणवण्यासाठी सीएफएचा अभ्यास उपयोगी आहे, आणि तो खाणीवर राहूनही होतो. पण नुसती सीएफए असलेले उमेदवार मुंबईत पुष्कळ आहेत. महिनाअखेरीला मॉडेल आणि रवाना माल यांचा मेळ घालणारे फारसे नाहीत. अर्जात ते काम एका ओळीत उरकू नका.

नेमस्त :
पर्थकर यांचे म्हणणे पटते, तरी भारतात शेअर दलालीच्या कंपनीत संशोधन विश्लेषक व्हायचे असेल तर सेबीच्या नियमांनुसार एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची पंधराव्या मालिकेची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. ती सीएफएपेक्षा पुष्कळ सोपी आणि स्वस्त आहे, म्हणून प्रथम ती देऊन टाकावी. सुरुवातीला पगार कमी होण्याचीही मनाची तयारी ठेवावी.

संत्रानगरी :
गेरूमाती, मी नागपूरचा, निवृत्त. भारतीय खाण ब्युरो, खनिजांचा शोध घेणारी एमईसीएल आणि मँगनीज काढणारी मॉईल या सरकारी संस्थांची मुख्यालये याच शहरात असल्यामुळे आमच्याकडे चहाच्या टपरीवरही खनिजाच्या प्रतीची चर्चा चालते. आपल्या अनुभवाला भारतात खरी मागणी लिलावांमुळे आली आहे. खाण कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीनंतर खाणपट्टे लिलावाने दिले जाऊ लागले आणि 2023 च्या दुरुस्तीने 24 महत्त्वाच्या खनिजांच्या लिलावाचे अधिकार केंद्राकडे गेले. बोली लावणाऱ्या प्रत्येक कंपनीला, तिला पैसा देणाऱ्या प्रत्येक संस्थेला, ब्लॉकचे, म्हणजे लिलावातल्या खनिजक्षेत्राचे, मोल सांगणारा माणूस हवा असतो.

2020 साली आपल्याच भागातल्या काही लोहखनिज पट्ट्यांवर 100 टक्क्यांहून अधिक प्रीमियमच्या (विक्री किमतीच्या जितके टक्के सरकारला देऊ केले त्याच्या) बोली लागल्या, हे आपल्याला ठाऊक असेलच. ब्युरो जाहीर करतो ती सरासरी विक्री किंमत 100 रुपये धरली, तर 110 टक्के प्रीमियम आणि 15 टक्के रॉयल्टी मिळून खोदकामाचा एक रुपयाही खर्च होण्यापूर्वी 125 रुपये सरकारला जातात. माल बाजारात विकणाऱ्याला यात कसे काय सुटणार? पण ज्याचा पोलाद कारखाना खनिजावाचून बंद पडणार आहे, त्याचा हिशेब खाणीच्या दारात संपत नाही. हा फरक कागदावर मांडून दाखवणे म्हणजेच आपली मुलाखत समजा. लिलावाला निघालेल्या ब्लॉकचे भूशास्त्रीय सारांश सार्वजनिक असतात. त्यांतला एक निवडा, एक्सेलमध्ये पंधरा वर्षांचा रोखप्रवाह मांडा, चार पानी टिपण लिहा, आणि अर्जासोबत तेच पाठवा.

भूकंपलेखी :
एक वेगळी वाट सुचवतो. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारी हादरली तेव्हा तो परिसर नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. विमा आणि पुनर्विमा (विमा कंपन्यांचा विमा) क्षेत्रात भूकंप, पूर, दरडी यांपासून होणाऱ्या संभाव्य नुकसानीची प्रारूपे तयार करणाऱ्यांना भूशास्त्र जाणणारी माणसे लागतात. जीआयसी री ही राष्ट्रीय पुनर्विमा कंपनी मुंबईतच आहे. मात्र पायथॉन ही संगणकभाषा आणि जीआयएस ही संगणकीय नकाशाप्रणाली यांवर हात बसलेला हवा, आणि खाणीवरचा अनुभव येथे फारसा कामी येत नाही, हेही सांगून ठेवतो.

गेरूमाती :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत येथेच थांबतो. दरम्यान एनआयएसएमची परीक्षा देतो आणि सीएफएच्या पहिल्या पातळीचा अभ्यास सुरू करतो. काल रात्री एका ब्लॉकचा सारांश उतरवून घेतला आहे. तो संयुक्त परवान्यासाठी (आधी शोधकाम, मग खाणकाम) असून शोधकाम जी-4 टप्प्यावर आहे, तरीही त्यात टनेजचा एक आकडा दिलेला आहे. रोखप्रवाहात तो जसाच्या तसा धरावा का?

संत्रानगरी :
मुळीच धरू नये. जी-4 म्हणजे पृष्ठभागावरचे नमुने, नकाशे आणि फार तर दोन-चार भोके. जिंकणाऱ्याला पुढचे शोधकाम स्वतःच्या खर्चाने करावे लागते. त्या आकड्याचे पूर्ण, निम्मे आणि शून्य असे तीन प्रसंग मांडा, प्रत्येकासमोर शोधकामाचा खर्च आणि वर्षे लिहा, आणि शून्याची शक्यता तुम्ही किती धरली व का धरली, याला टिपणात एक पूर्ण पान द्या. टिपण झाले की येथे टाका. चुका काढायला मला वेळच वेळ आहे.