बाळंतविडा विणायला घेतला आणि लेक म्हणते पाठवू नका, सासूबाई रुसल्यात

माई_नाशिक:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या. लेक अमेरिकेत मिनियापोलिसला असते, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिलीय, पहिलंच बाळंतपण. मी डिसेंबरात जाणार. तिला प्रेग्नन्सीतली शुगर निघालीय त्यामुळे आधीच जिवाला घोर, त्यात इकडे सासूबाई ८२ च्या, मी गेल्यावर त्यांचं कोण बघणार ते अजून ठरत नाहीये, दीर म्हणतात बघू आणि जाऊबाई फोनच उचलत नाहीत. असो, ते गाऱ्हाणं वेगळं.

तर गोड बातमी कळल्यापासून सासूबाईंनी बाळंतविडा विणायला घेतला. कुंची, टोपडं, मोजे, जाळीचं दुपटं, सगळं साग्रसंगीत. त्यांचा हात म्हणजे बघत राहावं. १९६२ च्या लढाईत बायका-मुली जवानांसाठी स्वेटर विणायच्या ना, त्यात शिकलेल्या त्या. अजून टाके मोजत नाहीत, सुईवरून बोट फिरवतात आणि म्हणतात एक निसटलाय गं मागे कुठेतरी, आणि तो असतोच. परवा व्हिडिओ कॉलवर लेक पटकन बोलून गेली, आजी दुपटं नि टोपडं नको गं, इथे पाळण्यात काहीच ठेवू देत नाहीत. झालं! आजींनी सुया वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेत टाकल्या. तेव्हापासून 'आम्हाला काय कळतंय' सुरू आहे, जेवायला पण दहा वेळा बोलवावं लागतं. लेकीला म्हटलं जरा गोड बोलायचंस, तर ती रडायला लागली, तिचंही पोट आणि शुगर आणि ऑफिस.

मला एवढंच सांगा, तिकडे खरंच काय चालतं? आणि सासूबाईंना परत सुया हातात घ्यायला लावायच्या तर काय विणायला द्यावं जे नुसतं कपाटात पडून राहणार नाही? मी स्वतः सुलट-उलट आणि साधा स्वेटर एवढंच विणते.

शिकागोवाली:
माई, लेक बरोबर बोलतेय हो, फक्त तिने अर्धंच सांगितलं. इथले बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर झोपताना पाळण्यात सुटं पांघरूण, उशी, लोड, बाहुली काही म्हणजे काही ठेवू नका म्हणतात, बाळाच्या नाकातोंडावर येऊन जीव गुदमरायची भीती. घरात झोपताना टोपी पण नको सांगतात, अंग जास्त तापतं म्हणून. पण हे सगळं झोपेचं आहे. जागं बाळ मांडीवर असताना गुंडाळा की दुपट्यात, कोण अडवतंय. आणि कारमध्ये तर दुपट्याशिवाय भागत नाही! सीटचे पट्टे लावताना बाळाला जाडा कोट घालायचा नसतो, पट्टा सैल राहतो, म्हणून पातळ कपड्यांवर पट्टा आवळायचा आणि वरून पांघरूण घालायचं. मिनियापोलिसला जानेवारीत उणे २० पण होतं कधी कधी. माझ्या आईने दिलेलं दुपटं आख्खा हिवाळा कारमध्येच होतं.

मात्र जाळी बारीक ठेवा, मोठ्या जाळीत बाळाची बोटं अडकतात. टोपड्याला नाड्या नकोत. कुंचीला मण्यांची झालर असेल तर काढाच.

उलटसुलट_पुणे:
शिकागोवालीने महत्त्वाचं सांगितलंच आहे, मी मापाचं सांगते कारण तिथेच सगळ्या आज्या फसतात. सगळे '६ महिन्यांचं' विणतात. आता बघा, बाळ जानेवारीचं, म्हणजे ६ महिन्यांचं होणार जुलैमध्ये, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, तेव्हा लोकर कोण घालतंय? एकतर अगदी तान्ह्याचं विणा, ३ महिन्यांपर्यंत होईल असं, नाहीतर सरळ वर्षाच्या बाळाचं, पुढच्या हिवाळ्यासाठी. वर्षाच्या बाळाची छाती साधारण ४५-४६ सेंमी धरा, स्वेटर ५० चा करा, आत कपडे असतात.

दुसरं, लेकीने तिकडचा पॅटर्न पाठवला तर सुयांचे नंबर बघून घ्या. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक, अमेरिकेत उलटं. आपली ८ नंबर म्हणजे ४ मिमी, त्यांची ८ नंबर म्हणजे ५ मिमी. नंबर सोडा, मिमी विचारा.

आणि लोकर! प्युअर वूल अजिबात नको. तिकडे सगळं मशीनला आणि वरून ड्रायरला, लोकर आटून बाहुलीचा स्वेटर होतो. ओली बाळंतीण हाताने धुत बसणार आहे का? आपली साधी ॲक्रिलिकची बेबी वूल घ्या, कमी तापमानावर निभावते. फक्त इस्त्री नको, एकदा इस्त्री लागली की ती लोंबते ती कायमची.

खवचट_काका:
बाकी सगळं बरोबर पण मी म्हणतो म्हातारीला हे कशाला ऐकवायचं? विणू द्या की कुंची तिला हवी तशी. बारशाला घालायची, फोटो काढायचा, पाच मिनिटांत काढून ठेवायची. जागं बाळ, चार माणसं समोर, कुठला डॉक्टर नाही म्हणणार आहे. बाळंतविडा काय रोज वापरायला असतो का, आमच्या वेळी पण आलेला निम्मा माळ्यावरच जायचा. (मी पुरुष असून मफलर विणतो, हसू नका.)

माई_नाशिक:
काका, हसत नाही, पण लपवून नाही जमणार, त्या कॉलवर रोज विचारणार कुंची कुठंय म्हणून. तरी बारशाचं पटलं. आज दुपारी त्यांना कारच्या सीटचं समजावलं, पट्टा कसा न् पांघरूण वरून कसं, तर म्हणाल्या मग दुपटं आखूड करावं लागेल, चाकात अडकेल. म्हणजे डोक्यात चक्र सुरू झालंय! पण सुया अजून ट्रंकेतच आहेत. मला सुचतंय की पुढच्या संक्रांतीला बाळ वर्षाचं होईल, बोरन्हाणाला काळा स्वेटर त्यांच्याकडूनच करून घ्यावा, काळ्यावर पांढरे ठिपके हलव्यासारखे. कसं वाटतं? त्यांचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि बोटं सकाळी आखडतात.

उलटसुलट_पुणे:
आयडिया झकास पण काळी लोकर त्यांना देऊ नका हो! काळ्यात आमच्यासारख्यांना रात्री टाका दिसत नाही, त्यांचं काय. काळं तुम्ही विणा, भर दिवसा खिडकीत बसून, साधा सुलट-उलटच तर आहे. त्यांना पांढरं द्या. ठिपके नंतर वरून सुईने भरता येतात, ते काम त्यांचं. आणि त्यांचं दुपटं पांढरं किंवा पिवळं असेल तर तेच आधी पूर्ण होऊ द्या.

बोटांसाठी ॲल्युमिनियमच्या लांब सुया बाजूला ठेवा, लाकडी गोल सुई आणा, दोन टोकांना सुया आणि मधे वायर असते ती. विणलेल्याचं वजन मांडीवर पडतं, मनगटाला ओढ बसत नाही. पाठमोरं वळवून सरळ सुयांसारखंच विणायचं, नवीन काही शिकायला नको. आणि सकाळी नको, जेवण झाल्यावर दुपारी, हात मोकळे झाले की.

हलव्याचे दागिने मात्र बाळाच्या तोंडात जातात, वर्षाचं बाळ सगळं चाखून बघतं, लक्ष ठेवा.

शिकागोवाली:
माई, सासूबाईंचं काय ठरलं? दिरांना 'बघू' म्हणू देऊ नका, तारखा लिहून द्या, अमुक ते अमुक तुमच्याकडे, गोळ्यांचा डबा सोबत, डोळ्याची पुढची अपॉइंटमेंट कधी तेही. तिकीट काढायच्या आधी हे करा. मी तिकीट काढून मग बोलले होते, तोवर सगळ्यांच्या अडचणी तयार होत्या. लेकीच्या शुगरचं फार घेऊ नका मनावर, माझीही निघाली होती, खाण्यावर आणि बोटावरच्या टेस्टवर कडक लक्ष ठेवतात इथे.

माई_नाशिक:
दिरांना आजच मेसेज टाकला, तारखांसकट. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. जाऊबाईंना उद्या प्रत्यक्षच गाठते, देवळात येतातच गुरुवारी.

सासूबाईंनी आत्ता विचारलं, गोल सुई म्हणजे कसली ती दाखव. दुकानात जातेच आहे तर काळी लोकर किती आणू?

उलटसुलट_पुणे:
वर्षाच्या बाळाला ८ प्लायची (म्हणजे मध्यम जाडीची) २०० ग्रॅम आणा, उरली तर टोपीला होईल. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, बघून घ्या, काळ्यात पण फरक पडतो, उन्हात एक बाही तपकिरी दिसते.