अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील राजनिष्ठ: 'एक तृतीयांश' हा हिशेब खरा आहे का?

चौकस:
नमस्कार. आमच्या वाचनालयात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर तासाभराचे व्याख्यान द्यायचे आहे. तयारी करताना एक विधान वारंवार भेटते: ब्रिटनच्या अमेरिकेतील तेरा वसाहतींतील एक तृतीयांश लोक स्वातंत्र्याच्या बाजूचे, एक तृतीयांश राजाच्या बाजूचे आणि उरलेले कुंपणावरचे. भावाभावांत जमीन वाटावी इतकी ही वाटणी नेटकी आहे, म्हणूनच शंका येते. दुसरा प्रश्न असा की, हे राजनिष्ठ म्हणजे आपल्याकडच्या रावबहादूरांसारखे, सरकारी मर्जीवर मोठे झालेले लोक होते, असे समजावे का? तसे असेल तर स्वातंत्र्याच्या पुढाऱ्यांपैकी एक असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा विल्यम, जो राजाने नेमलेला न्यू जर्सीचा गव्हर्नर होता, राजाच्या बाजूने का राहिला, हे कळते. पण सामान्य शेतकरी त्या बाजूला का गेला, हे कळत नाही.

मोडीवाचक:
हे विधान जॉन अ‍ॅडम्सच्या (स्वातंत्र्यलढ्याचा पुढारी, पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष) नावावर खपते. त्याने १८१५ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात तृतीयांशांची भाषा आहे खरी, परंतु तो परिच्छेद फ्रेंच राज्यक्रांतीविषयी अमेरिकनांची मते कशी विभागली होती याबद्दल आहे. तो संदर्भ गळून पडला आणि आकडा तेवढा उरला. आजचे अभ्यासक राजनिष्ठांचे प्रमाण गोऱ्या लोकसंख्येच्या साधारण १५ ते २० टक्के धरतात. तेव्हाची एकूण लोकसंख्या सुमारे २५ लाख होती आणि त्यातले सुमारे पाच लाख गुलाम होते.

रावबहादूरांची उपमा अर्धीच लागू पडते. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर टॉमस हचिन्सन तिच्यात बसेल; पण फेब्रुवारी १७७६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात मूर्स क्रीकच्या पुलावर राजासाठी तलवारी घेऊन धावून गेलेले स्कॉटिश हायलँडर कसे बसतील? त्यांच्यापैकी कित्येकांच्या घराण्यांनी १७४५ मध्ये याच राजघराण्याविरुद्ध बंड केले होते. फसलेल्या बंडाची किंमत त्यांना ठाऊक होती, जमिनी सरकारकडून मिळालेल्या होत्या, आणि बंडाचे पुढारपण करणारे किनाऱ्यावरचे बडे जमीनदार त्यांचे ना सगे होते, ना सोयरे.

न्यूयॉर्कच्या हडसन खोऱ्यातील लिव्हिंग्स्टन मॅनॉरचे (म्हणजे मोठ्या जहागिरीचे) उदाहरण तर मला सगळ्यांत बोलके वाटते. तिथले जमीनदार लिव्हिंग्स्टन स्वातंत्र्याच्या पक्षाचे. त्यांच्याच घरातल्या फिलिपची स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही आहे. त्यामुळे १७७७ च्या मे महिन्यात त्यांची कुळे उठली ती राजाच्या नावाने, कारण राजा जिंकला तर कसत असलेली जमीन आपल्या नावावर होईल, अशी त्यांना आशा होती. जमीनदार राजनिष्ठ असता, तर हीच कुळे कदाचित दुसऱ्या बाजूला दिसली असती. लंडनमधल्या राजापेक्षा खंड वसूल करणारा माणूस त्यांना अधिक जवळून दिसत होता, एवढाच याचा अर्थ.

न्यूजर्सीकर:
वरील प्रतिसादाशी सहमत. त्यात एक भर घालतो: निष्ठा ही लष्कर कुठे आहे यावरही ठरत असे आणि महिन्यागणिक बदलत असे. नोव्हेंबर १७७६ च्या अखेरीस वॉशिंग्टनचे सैन्य न्यू जर्सीतून माघार घेत असताना ब्रिटिश सेनापती हाऊ याने माफीचा जाहीरनामा काढला आणि हजारो लोकांनी राजाशी निष्ठेची शपथ घेऊन संरक्षणपत्रे मिळवली. पुढे ब्रिटिश आणि हेसियन (ब्रिटनने भाड्याने आणलेल्या जर्मन) शिपायांनी घरे लुटताना ती पत्रे दाखवूनही फारसा उपयोग झाला नाही. ट्रेंटन आणि प्रिन्स्टनच्या विजयांनंतर, जानेवारी १७७७ मध्ये, वॉशिंग्टनने फर्मावले की ज्यांनी तशी शपथ घेतली आहे, त्यांनी ३० दिवसांत अमेरिकेशी निष्ठेची शपथ घ्यावी, नाहीतर शत्रूच्या हद्दीत निघून जावे. शेत, गोठा आणि तान्ही मुले असलेल्या माणसाने दोन महिन्यांत दोन शपथा घेतल्या, तर त्याला कोणत्या तृतीयांशात मोजायचे? तटस्थ राहणेही सोपे नव्हते. क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथात शपथ घेणेच निषिद्ध. तरी फिलाडेल्फियातील सुमारे वीस जणांना, त्यांत बहुतेक क्वेकर होते, त्याच वर्षी खटल्याविना व्हर्जिनियात हद्दपार करण्यात आले.

विल्यम फ्रँकलिन १७७४ पासून ज्या घरात राहत होता, ते पर्थ अँबॉय येथे अजून उभे आहे. जवळच्या एडिसन गावातल्या मराठी मंडळींपैकी किती जण तिथे गेले असतील कोण जाणे. जून १७७६ मध्ये त्याला अटक झाली आणि कनेक्टिकटमध्ये ठेवण्यात आले. तिथून तो गुपचूप ब्रिटिशांची माफीपत्रे वाटत असल्याचे उघड झाल्यावर त्याची रवानगी लिचफील्डच्या तुरुंगात एकांतकोठडीत झाली. १७७७ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये त्याची पत्नी मरणपंथाला लागली. तिला भेटू द्यावे म्हणून त्याने अर्ज केला, वॉशिंग्टनने सहानुभूतीने तो काँग्रेसकडे (बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधिसभेकडे) धाडला आणि काँग्रेसने नाकारला.

१७८४ मध्ये त्याने वडिलांना समेटाचे पत्र लिहिले. बेंजामिनचे उत्तर वाचताना मला थांबावे लागले. मतभेदाला मी दोष देत नाही, असे म्हणून तो लिहितो की तू तटस्थ राहिला असतास तरी चालले असते, कारण काही नैसर्गिक कर्तव्ये राजकीय कर्तव्यांच्या आधी येतात. बापाविरुद्ध शस्त्र धरू नये, हे ते कर्तव्य. पण ज्या राजसेवेत मुलगा अडकला, तिच्यात त्याला शिरकाव मिळाला तो बापाच्याच वजनामुळे, आणि १७७४ पर्यंत बाप स्वतः साम्राज्य टिकावे म्हणून धडपडत होता. १७८५ मध्ये साउथॅम्प्टनला दोघे शेवटचे भेटले. बहुतेक वेळ जमिनीच्या व्यवहारात गेला.

उत्तररात्र:
आतापर्यंतची चर्चा गोऱ्या वसाहतवाल्यांभोवतीच फिरते आहे. मोडीवाचक यांनी ओझरते म्हटलेल्या त्या पाच लाखांचे काय? नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने जाहीर केले की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या सैन्यात येतील, ते स्वतंत्र होतील. यात उदारपणा मुळीच नव्हता. डनमोर स्वतः गुलाम बाळगून होता आणि राजनिष्ठांच्या गुलामांना ही सवलत नव्हती. तरीही हजारो लोक पळून ब्रिटिशांकडे गेले. खुद्द वॉशिंग्टनच्या माऊंट व्हर्ननमधून निसटलेला हॅरी वॉशिंग्टन हा त्यांपैकी एक. १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडताना ब्रिटिशांनी अशा सुमारे ३,००० जणांची नावे एका वहीत नोंदवली. आमचे गुलाम परत द्या, असा आग्रह वॉशिंग्टनने धरला, पण ब्रिटिश सेनापती कार्लटनने दिलेला शब्द मोडायला नकार दिला.

हॅरीला नोव्हा स्कोशियात (आजच्या कॅनडात) बर्चटाऊनची वसाहत मिळाली. १७९२ मध्ये सुमारे १,२०० जणांबरोबर तो आफ्रिकेतील फ्रीटाऊनला गेला. तिथल्या सिएरा लिओन कंपनीच्या सरकारने जमिनीवर सारा लावला, तेव्हा १८०० मध्ये झालेल्या उठावात तो सामील झाला आणि तिथूनही हद्दपार झाला. त्याच्या पूर्वीच्या मालकाने करावरूनच राजाविरुद्ध लढाई मांडली होती, हे विसरून चालणार नाही.

मूळ रहिवाशांच्या बाबतीत दोन बाजूंचा फरक शेवटी पुसलाच गेला. इरोक्वा या मूळ रहिवाशांच्या जमातींच्या संघात मोहॉक ब्रिटिशांकडून आणि ओनायडा अमेरिकनांकडून लढले. ऑगस्ट १७७७ मध्ये ओरिस्कनीला ते समोरासमोर आले. युद्ध संपवणाऱ्या १७८३ च्या पॅरिस तहात दोघांचाही उल्लेख नाही, आणि जिंकलेल्या बाजूच्या ओनायडांच्या जमिनीही न्यूयॉर्क राज्याने काही वर्षांतच बळकावल्या.

मोडीवाचक:
उत्तररात्र यांचा आक्षेप मान्य. मी तो आकडा लिहून पुढे सरकलो होतो.

अवांतर: व्याख्यान मराठी श्रोत्यांसमोर असल्याने सांगतो. याच लिव्हिंग्स्टन घराण्यातील एका मुलीने ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले होते. त्यांचा मुलगा विल्यम लिनियस गार्डनर पुढे हिंदुस्थानात आला, यशवंतराव होळकरांच्या चाकरीत राहिला आणि ती सोडून कंपनीकडे गेला. त्याने उभारलेली घोडदळाची तुकडी भारतीय सैन्यात आजही त्याच्या नावाने ओळखली जाते.

चौकस:
सर्वांचे आभार. तृतीयांशाचे वाक्य टिपणातून काढून टाकले आहे. फ्रँकलिन बापलेकाने सुरुवात करणार होतो, ते आता मध्ये येतील. सुरुवात लिव्हिंग्स्टनच्या कुळांपासून करतो. आमच्या श्रोत्यांपैकी निम्म्यांच्या घरी कूळकायद्याची आठवण अजून ताजी आहे. हॅरी वॉशिंग्टनला मात्र तासातली शेवटची दहा मिनिटे राखून ठेवतो.