लिव्हर कॅन्सर आणि इम्युनोथेरपी: उंदराच्या कातडीखालचा ट्यूमर पुरतो का?

नवा_संशोधक
मंडळी, पीएचडीचं पहिलं वर्ष चालू आहे. विषय आहे यकृताच्या पेशींचा कॅन्सर (एचसीसी), आणि पीडी-१ (टी पेशींवरचा ब्रेक) रोखणारी अँटिबॉडी एका दुसऱ्या औषधाबरोबर दिली तर टी पेशी, म्हणजे कॅन्सर मारू शकणाऱ्या इम्यून पेशी, जास्त जोमाने काम करतात का ते बघायचंय. लॅबमध्ये हेपा१-६ ही उंदराच्या लिव्हर कॅन्सरची सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) आहे, ती उंदराच्या कातडीखाली टोचायची, कॅलिपरने ट्यूमर मोजायचा, तीनेक आठवड्यांत ग्राफ तयार. गाईड म्हणतात सगळे असंच करतात. पण माणसाला हा कॅन्सर होतो तो बहुतेक वेळा वर्षानुवर्षं खराब होत गेलेल्या लिव्हरमध्ये, आणि मी तो टोचणार तरुण ठणठणीत उंदराच्या कातडीखाली, जिथे लिव्हरच नाही. मग येणारं उत्तर नक्की कशाचं? एवढे जीव वापरायचे तर प्रश्न तरी नीट विचारला गेला पाहिजे. कुणी दुसरं मॉडेल वापरलंय का?

टीसेल_प्रेमी
शंका अगदी रास्त आहे, सोडू नका ती. हेपा१-६ मुळात सी५७एल जातीच्या उंदराच्या ट्यूमरमधून आली आणि आपण ती टोचतो सी५७बीएल/६ मध्ये, जाती जवळच्या असल्या तरी एकच नाहीत, त्यामुळे काही ट्यूमर औषधाशिवायच विरघळतात आणि पीडी-१ रोखलं की बरेचदा छान रिझल्ट येतो. पेशंटमध्ये चित्र वेगळं आहे. २०२० मध्ये अ‍ॅटेझोलिझुमॅब (हेही पीडी-१ चाच ब्रेक सोडवणारं) आणि बेव्हासिझुमॅब (ट्यूमरच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारं) ही जोडी सोराफेनिब या आधीच्या औषधापेक्षा सरस ठरली, मोठी गोष्ट होती ती, पण त्यातही ट्यूमर ठळकपणे आकसला तो दहातल्या तिघांच्या आसपास.
शिवाय लिव्हर हा अवयवच इम्यून सिस्टीमच्या दृष्टीने निराळा. आतड्यातून येणारं रक्त सतत त्यातून जातं, दर वेळी भडका उडून चालणार नाही, म्हणून तिथल्या कुप्फर पेशी (लिव्हरमधल्या भक्षक पेशी) वगैरे मंडळी टी पेशींना थंड ठेवायच्याच कलाच्या असतात. कातडीखाली यातलं काहीच नाही. निदान लिव्हरमध्ये तरी टोचा. आणि न्यूड किंवा एनएसजी जातीच्या उंदरात माणसाचा ट्यूमर वाढवायचा सल्ला कुणी दिला तर तुमच्या प्रश्नासाठी तो बाद, त्या उंदरांत टी पेशीच नसतात.

स्लाइडवाली
मी पॅथॉलॉजीच्या बाजूने बोलते. माणसातल्या एचसीसीच्या दहातल्या आठ तरी केसेसमध्ये मागे सिऱ्होसिस (व्रणांनी कडक झालेली लिव्हर) असतो. डेन हे कॅन्सरजनक रसायन दोन आठवड्यांच्या पिल्लाला एकदा दिलं की आठ-दहा महिन्यांत लिव्हरमध्येच ट्यूमर येतात, जुनं आणि भरवशाचं मॉडेल आहे, पण आजूबाजूची लिव्हर स्लाइडवर जवळपास नॉर्मल दिसते. फायब्रोसिस (व्रणाचे तंतू साचणं) हवा तर सोबत कार्बन टेट्राक्लोराइड द्यावं लागतं. जीन्सचंही तेच, डेनमध्ये एचरास नाहीतर बीराफ बिघडलेलं सापडतं, माणसात टर्ट प्रमोटर, पी५३, बीटा-कॅटेनिन. नरांत ट्यूमर मादीपेक्षा खूप जास्त येतात, त्यामागे कुप्फर पेशींमधून येणारं आयएल-६ हे दाह वाढवणारं प्रोटीन आणि त्याला दाबणारं इस्ट्रोजेन आहे हे २००७ मध्ये दाखवलं गेलं, म्हणजे नर-मादी मिसळून ग्रुप केलात तर सगळा डेटा गढूळ.

नवा_संशोधक
दोघांचेही मनापासून आभार. मग हिपॅटायटिस बी चं काय? जगभर एवढे एचसीसी त्याच्यामुळे होतात, तेच उंदराला देऊन बघता येत नाही का?

टीसेल_प्रेमी
थेट नाही. व्हायरस पेशीत शिरतो तो एनटीसीपी या दारातून, २०१२ मध्ये सापडलं ते, आणि उंदराचं एनटीसीपी त्याला आत घेत नाही. वुडचक नावाच्या प्राण्याचा स्वतःचा तसाच व्हायरस आहे, जुनाट इन्फेक्शन राहिलेल्या जवळपास सगळ्या वुडचकांना पुढे लिव्हर कॅन्सर होतो, पण त्याच्यासाठी अँटिबॉडी आणि रिएजंट मिळता मिळत नाहीत.
मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो १९९८ चा प्रयोग. व्हायरसचं प्रोटीन जन्मापासून स्वतःचं मानणाऱ्या ट्रान्सजेनिक (बाहेरचा जीन घातलेल्या) उंदरांना, त्या प्रोटीनविरुद्ध तयार झालेल्या इम्यून पेशी दिल्या. जुनाट हिपॅटायटिस झाला आणि पुढे कॅन्सर, बाहेरून कुठलंही कॅन्सरजनक रसायन न देता! म्हणजे ज्या टी पेशींकडून आपण कॅन्सर मारायची अपेक्षा करतो त्याच वर्षानुवर्षं लिव्हर जाळून तो घडवूही शकतात. २०२१ चं फॅटी लिव्हरच्या उंदरांवरचं काम याच वाटेवरचं, तिथे पीडी-१ रोखल्यावर ट्यूमर आकसले नाहीत आणि आधीपासून दिलं तेव्हा उलट वाढले, सीडी८ पेशी (मारेकरी टी पेशी) काढल्या तर कमी झाले. फॅटी लिव्हरच्या पेशंटना हे औषध कमी लागू पडतं असं पुढच्या सगळ्या ट्रायल्समध्ये दिसलं नाही हेही खरं, पण हा प्रश्न मुळात उठला तो लिव्हर आजारी असलेल्या मॉडेलमुळे, कातडीखालच्या गाठीतून तो कधीच दिसला नसता.

स्लाइडवाली
पूर्ण सहमत. आणि उंदराच्या लिव्हरमध्ये एनकेटी पेशी भरपूर, माणसात कमी, माणसात त्याऐवजी मेट (एमएआयटी) पेशी जास्त, दोन्ही टी पेशींचेच वेगळे प्रकार. तुमचं दुसरं औषध एनकेटीवर अवलंबून असेल तर फार जपून.

शेपटीची_शीर
पीएचडीच्या वेळेत बसणारं सांगतो, हायड्रोडायनॅमिक इंजेक्शन बघा. वजनाच्या दहा टक्के, म्हणजे २० ग्रॅमच्या उंदराला २ मिली द्रव शेपटीच्या शिरेतून ५ ते ७ सेकंदांत, सोबत प्लाझ्मिड (हवा तो जीन असलेलं डीएनएचं वर्तुळ) आणि तो जीन पेशीच्या डीएनएत बसवणारं स्लीपिंग ब्यूटी ट्रान्सपोझेज. डीएनए थेट लिव्हरच्या पेशींत जातो आणि कुठले जीन्स बिघडवायचे ते तुम्ही ठरवता. २०१९ मध्ये याच पद्धतीने दिसलं की बीटा-कॅटेनिन चालू असलेले ट्यूमर टी पेशींना चुकवतात आणि पीडी-१ च्या औषधाला दाद देत नाहीत. हात बसायला वेळ लागतो, तेव्हा आधी नुसत्या सलाइनवर शिका. आहार देऊन लिव्हर फॅटी करून मग हे इंजेक्शन, असंही जमतं. ट्यूमर बाहेरून दिसावा म्हणून ल्युसिफरेज (प्रकाश देणारं काजव्याचं प्रोटीन) घालणार असाल तर ते उंदरासाठी परकं प्रोटीन आहे, टी पेशी त्यालाच धरून ट्यूमर मारू शकतात, म्हणून ल्युसिफरेज नसलेला एक ग्रुप ठेवाच. आणि पिंजरे किती तापमानाला ठेवलेत ते लिहून ठेवा, नेहमीच्या २२ डिग्रीला उंदीर थंडीच्या ताणात असतो, ३० ला ठेवलेल्या उंदरांत टी पेशी ट्यूमरविरुद्ध जास्त चांगलं काम करतात असं इतर ट्यूमर मॉडेल्समध्ये दिसलेलं आहे.