पेनसिल्व्हेनिया प्रांताची वसाहतकालीन छापील दप्तरे कोठे पाहावीत?

प्रश्न (विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर)
नमस्कार. १७४४ साली लँकेस्टर येथे पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड आणि व्हर्जिनिया या वसाहतींनी इरोक्वा या मूळ अमेरिकी जमातींच्या राष्ट्रसंघाशी केलेल्या तहावर मी एम. ए.चा लघुप्रबंध लिहीत आहे. संदर्भांत ‘कलोनियल रेकॉर्ड्‌स, खंड ४’ असे वारंवार येते, पण त्या नावाने शोध घेतला की नॉर्थ कॅरोलिना, जॉर्जिया अशा इतर वसाहतींचे ग्रंथ समोर येतात. मूळ खंड येथे बसून वाचता येईल का?

उत्तर १ (निवृत्त ग्रंथपाल, शाहूपुरी)
येईल. ‘कलोनियल रेकॉर्ड्‌स’ हे १६ खंडांच्या मालेचे रूढ नाव आहे. पहिल्या दहा खंडांचे मूळ शीर्षक ‘मिनिट्‌स ऑफ द प्रोव्हिन्शियल कौन्सिल ऑफ पेनसिल्व्हेनिया’ असे असल्याने इंटरनेट आर्काइव्ह किंवा हाथीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथसंग्रहांवर त्याच शब्दांनी शोधावे. मात्र या खंडांत मुख्यतः गव्हर्नरच्या कौन्सिलचे इतिवृत्त आहे. पत्रांसाठी सॅम्युएल हॅझर्ड यांनी संपादित केलेली ‘पेनसिल्व्हेनिया आर्काइव्ह्‌ज’ची पहिली माला (१२ खंड) पाहावी, तर प्रांतिक विधिमंडळाचे कामकाज त्याच ग्रंथमालेच्या आठव्या मालेत आहे. आपल्याकडील पुराभिलेखागारातही कागद कोणत्या खात्याचा हे ठरल्याशिवाय रुमाल (कागदांचे गाठोडे) हाती येत नाही. येथेही कागद कोणत्या संस्थेने निर्माण केला, हे आधी ठरवावे.

उत्तर २ (मोडी वाचक, मंगळवार पेठ)
ग्रंथपाल सरांच्या म्हणण्यात तारखांची भर घालतो. १७५२ पूर्वी इंग्रजी कायद्याने वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधील नोंदींवर ‘१६८२/३’ असे जोडवर्ष दिसते, आणि क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी महिन्यांची नावे टाळून क्रमांक लिहीत, ज्यात ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च. जुन्या मराठी कागदांतील सुहूर आणि फसली या कालगणनांचा मेळ घालणाऱ्यांना हे नवे वाटणार नाही, तरीही चूक येथेच होते. तुमच्या तहाची ४ जुलै १७४४ ही तारीख जुन्या (ज्युलियन) पंचांगाची असून नव्या (ग्रेगोरियन) पंचांगाप्रमाणे ती १५ जुलै ठरते. प्रबंधात पद्धत स्पष्ट लिहावी.

शोधताना तहात इरोक्वांच्या वतीने बोलणाऱ्या ‘कॅनासाटेगो’सारख्या नावांची अनेक स्पेलिंगे करून पाहावीत. हाच तह बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४४ मध्येच स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने छापला होता. तिचा पाठ इतिवृत्ताशी ओळीने ओळ ताडून पाहणे अगत्याचे आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर
आपणा दोघांचे मनापासून आभार. चौथा खंड मिळाला. आता दुभाष्या कॉनराड वायझर याची पत्रे ‘आर्काइव्ह्‌ज’च्या पहिल्या मालेत शोधते.