मदत हवी आहे: मणक्याचं ऑपरेशन होऊनही कंबर दुखायची थांबंना

नमस्कार, आमचे मिस्टर उदगीर-लातूर रोडला जीप चालवतात. त्यांचं कंबरेतल्या एल४-एल५ या दोन मणक्यांमधल्या गादीचं ऑपरेशन झालं, पायात जाणारी कळ गेली पण कंबर काही राहिना, आता नवीन एमआरआयमध्ये वरची एल३-एल४ ची गादी पण झिजलीय म्हणून आलंय. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनने दबलेली नस मोकळी होते, झीज थांबत नाही, ते पटलं, पण मग रोजचं कसं काढायचं? सकाळी कूस बदलायला सुद्धा धरावं लागतंय ओ. प्रीगाबालिन ही नसेच्या दुखण्याची गोळी चालूय, त्याने गुंगी येते म्हणून गोळी घेतल्यावर गाडीवर बसू देत नाही मी, भांडण झालं तरी चालंल. पाय लुळा पडला नाहीतर लघवीवरचा ताबा गेला तर लगेच दवाखाना गाठायचा हे माहितीय, तसलं सध्या काही नाही. गावात सगळे मणका बसवून घ्या म्हणून मागं लागलेत, पण ऑपरेशन झालेल्या पाठीला असले झटके मी देऊ देणार नाही.

लातूर किंवा नांदेडला ऑपरेशननंतरचे व्यायाम नीट शिकवणारे फिजिओथेरपिस्ट कुणाला माहिती आहेत का? आणि मणके जोडायचं रॉड-स्क्रूवालं दुसरं ऑपरेशन कुणी केलंय का, परत ड्रायव्हिंग जमलं का? कंबरेचा पट्टा दिवसभर लावायचा का यावर पण जो तो वेगळंच सांगतोय. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी प्लीज लिहा.