मदत हवी आहे : दूरदर्शनवरच्या मुलांच्या कार्यक्रमांच्या आठवणी

नमस्कार मंडळी. माझी मावशी सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर मुलांच्या मराठी कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करायची. तिच्या पंचाहत्तरीला तिचं छोटंसं चरित्र छापून द्यायचं आम्ही भावंडांनी ठरवलंय, आणि त्यासाठी तुमची मदत हवी आहे.

वरळीचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हा सगळं कृष्णधवल. टेप महाग असल्यामुळे त्याच टेपवर पुन्हा चित्रण व्हायचं, म्हणून जुने भाग मिळण्याची आशा फार नाही. घरी आहेत ती मुलांची पत्रं. बोरू आणि पेन्सिलीने लिहिलेली, 'ताई, माझं नाव घ्या ना' अशी. माझ्या मते तिच्या कामाची खरी पावती तीच. ती मात्र स्वतःबद्दल फारसं बोलत नाही, विचारलं की मुलांच्याच गोष्टी सांगत बसते.

तुमच्यापैकी कुणी लहानपणी शाळेतर्फे वरळीच्या स्टुडिओत गेलं होतं का? बाई कोण होत्या, तालीम कुठे झाली, दिव्यांच्या उकाड्यात किती वेळ बसवलं, काहीही चालेल. १९७३ पासून सिंहगडावरून पुण्यातही हे प्रक्षेपण दिसायचं, त्यामुळे पुणेकरांनीही जरूर लिहा. गटाचे फोटो, निमंत्रणपत्र, टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली एखादी कॅसेट असेल तर सोन्याहून पिवळं! मूळ वस्तू नको, मोबाइलवर काढलेला स्पष्ट फोटो पुरे. कॅसेट असेल तर मी स्वतः येऊन तुमच्यासमोर कॉपी करून घेईन.